गोळी बदलताना : एका यंत्रचालकाच्या नोंदी

काम : नैराश्यावरची जुनी गोळी पॅरॉक्सेटिन हळूहळू बंद करून नवी गोळी मिर्टाझापिन सुरू करणे
ठिकाण : औसा तालुका, जि. लातूर
नोंदी ठेवणारा : मीच. ३३/११ केव्ही उपकेंद्रावर यंत्रचालक, वय ४२

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

लातूरहून आत्ताच आलो. गोळी बदलायचं ठरलं.

पॅरॉक्सेटिन तीन वर्षं घेतोय. पहिली दोन वर्षं तिनंच मला उभं केलं, हे आधी लिहून ठेवतो, कारण आज दिवसभर तिच्या तक्रारीच सांगत होतो. उन्हाळ्यापासून घसरण लागली. डोस २५ वरून ३७.५ मिलिग्रॅमवर नेला, पुरेसे आठवडे वाट पाहिली. तरी पहाटे पावणेचारला टक्क जाग, जेवणावर वासना नाही. पोरगी शाळेतलं काही सांगायला आली की कान ऐकतात, आत काही पोचत नाही. आणि त्या गोळीनं नवरा-बायकोतलं जवळपास संपवलंय. हे मी तीन वर्षांत दवाखान्यात एकदाही बोललो नव्हतो. आज बाहेर बाकावर बसलेलो असताना बायको हळूच म्हणाली, "तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगते." मग मीच सांगितलं. मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमना जराही नवल वाटलं नाही. या जातीच्या गोळ्यांनी असं होतं, पुष्कळांना होतं, सांगत कुणी नाही, म्हणाल्या.

नवी गोळी रात्री झोपताना घ्यायची. झोप आणि भूक सुधारते, नवरा-बायकोतला त्रास सहसा कमी होतो. वजन वाढू शकतं, सकाळी गुंगी राहू शकते.

ठरलेलं असं : आजपासून पॅरॉक्सेटिन २५, मिर्टाझापिन साडेसात, म्हणजे १५ ची अर्धी. दोन आठवड्यांनी पॅरॉक्सेटिन १२.५, मिर्टाझापिन १५. आणखी दोन आठवड्यांनी पॅरॉक्सेटिन बंद. माझी पॅरॉक्सेटिन पोटात हळूहळू सुटणारी आहे, ती तोडायची नाही, म्हणून कमी ताकदीची वेगळी पाकिटं दिली. एकदम का बंद करायची नाही, हेही विचारलं. ही गोळी अंगातून लवकर उतरते, साधारण एका दिवसात निम्मी. मेंदूला तिची सवय झालेली असते, त्याला सावरायला वेळ लागतो. हा हिशोब माझा आजार, माझं वय, माझी ड्युटी बघून बसवलेला आहे. दुसऱ्या कुणी तो उचलून वापरू नये.

काय दिसलं तर धावायचं तेही सांगितलं. ताप, थरथर, खूप घाम, जुलाब, जिवाची तगमग, अंग ताठणं हे एकत्र दिसलं तर सरळ तातडीच्या विभागात. ताप आणि घसा धरला तर रक्त तपासायचं, कारण फार क्वचित या नव्या गोळीनं पांढऱ्या पेशी कमी होतात. अंगदुखीला ट्रामाडॉल आणि खोकल्याला डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं औषध विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.

मग त्यांनी सरळ विचारलं, मरणाचे विचार येतात का? बायको शेजारी बसलेली. मी खरं सांगितलं. उन्हाळ्यात आले होते, आता नाहीत. गोळी बदलताना सुरुवातीचे आठवडे सांभाळायचे असतात. विचार परत आले तर लपवायचे नाहीत, आधी बायकोला सांगायचं, मग दवाखाना. चिठ्ठीच्या मागं १४४१६ हा नंबर लिहून दिला. टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. रात्रंदिवस चालू, फुकट, मराठीत बोलतात.

शेवटी म्हणाल्या, "तुम्हाला लॉगशीट भरायची सवय आहे ना? मग याच्याही नोंदी ठेवा."

२६ नोव्हेंबर

लॉगशीटसारखाच तक्ता आखला. झोप, भूक, धडधड, चक्कर, मन. प्रत्येकाला ० ते १०. दर तासाला रीडिंग. एकोणीस वर्षं फीडरचे, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिन्यांचे, अँपिअर दर तासाला लिहितोय, तर स्वतःचं का नाही?

रात्री साडेदहाला गोळी घेतली, अकराला गेलो तो सकाळी सातला उठलो. पावणेचार कधी वाजून गेले कळलंच नाही. हे कित्येक महिन्यांनी झालं. पण उठल्यावर डोकं ओल्या पोत्यासारखं जड.

२७ नोव्हेंबर

रात्रपाळी दोन महिने नको, असं मॅडमचं पत्र आहे ते कार्यालयात दिलं. त्यावर आजाराचं नाव नाही, फक्त वैद्यकीय कारण. नाव लिहायची गरज नाही, ही माहिती खाजगी ठेवायचा हक्क मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नं दिलेला आहे, हे त्यांनीच समजावलं होतं. तरी शिक्क्यावर विभागाचं नाव आहेच. टेबलामागच्या माणसानं शिक्का वाचला, माझ्याकडं बघितलं, परत शिक्का वाचला. "काय, डोक्याचं का?" एवढं मोठ्यानं विचारलं की पलीकडच्या खोलीतले दोघं वळले. माझे कान तापले. "औषध बदललंय, रात्री गुंगी येते. उपकेंद्रावर गुंगीतला माणूस बसवायचा का, ते तुम्ही ठरवा," एवढं बोललो आणि पोचपावती घेतली.

घरी येईपर्यंत हात कापत होते. गोळीनं की अपमानानं, ठरवता येईना. तक्त्यात धडधड ७ लिहिली.

२९ नोव्हेंबर

आजची नोंद सविस्तर करणं भाग आहे.

सकाळी नऊला लाइनमन मामा परमिट, म्हणजे लाइन बंद करून काम करायची लेखी परवानगी, मागायला आले. शेतीच्या फीडरवर जंपर, म्हणजे तारा जोडणारा तुकडा, तुटलेला. हरभऱ्याला पाणी चालू आहे, लोक खोळंबलेत, रोजचं काम. मी परमिटबुक उघडलं, भरलं आणि उठण्याआधी सवयीनं परत वाचलं. शेतीच्या फीडरच्या जागी मी गावठाणाचा नंबर लिहिला होता.

ब्रेकरला हात लावलेला नव्हता. काही घडलं नाही. पण त्या कागदावर माणूस खांबावर चढतो. चुकीचा फीडर बंद केला असता तर मामा जिवंत तारेला हात लावायला गेले असते. खांबाखाली तपासणी होते, अर्थिंग होतं, त्यात कदाचित चूक सापडली असती. कदाचितवर मी परमिट देत नाही.

मामांना म्हणालो, "मामा, थांबा. आज मी एकट्यानं परमिट देणार नाही." ते म्हणाले, "काय झालं भाऊ?" सांगितलं, गोळी बदललीय, सकाळी डोकं जड असतं, आत्ता नंबर चुकला होता. मामा दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांगितलंस हे लई चांगलं केलंस." क्वार्टरमधल्या सहकाऱ्याला बोलावलं. दोघांनी मिळून फीडर बंद केला, आयसोलेटर उघडला, अर्थ केलं, कुलूप लावलं, पाटी लटकवली, परत वाचलं, मग सही.

दुपारी दवाखान्यात फोन लावला. गोळी साडेदहाऐवजी साडेआठला घ्यायची, तीन दिवस सुट्टी घ्यायची आणि गुंगी जाईपर्यंत मोटारसायकलसुद्धा चालवायची नाही. सुट्टी टाकली.

१ डिसेंबर

सुट्टीत मोबाइल हातात आणि मोबाइलमध्ये गोळ्यांच्या गोष्टी. दुपारी दोन ते पाच नुसतं वाचत बसलो. कुणाचं वजन वीस किलोनं वाढलं, कुणाला सहा महिने चक्कर, कुणी म्हणतं जुनी गोळी सोडली तीच चूक. प्रत्येक गोष्ट वाचली की ते लक्षण माझ्या अंगात पाच मिनिटांत हजर. आजच्या तक्त्यात चौदा रीडिंग आहेत आणि मन एकदाही ४ च्या वर नाही.

४ डिसेंबर, पहाटे

झोप येते, पण आज परत पावणेचारला मोडली.

ही वेळ आमच्या घरात जुनी आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तो पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. आदल्या दिवशी गणपती बोळवून आलो होतो. मी अकरा वर्षांचा. आमचं दगडमातीचं घर अर्धं बसलं, आम्ही वाचलो. शेजारची वाचली नाहीत. त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही. माझा आजार तिथूनच आला, असंही मी म्हणत नाही, मॅडमही म्हणत नाहीत. पण पावणेचारला जाग आली की अंगाला आधी ते आठवतं आणि मग दिवसभराची काळजी त्यावर येऊन बसते.

बाहेर आलो तर आई ओट्यावर बसलेली. "कामून उठलास रं?" म्हणाली. तूच कामून उठलीस, असं विचारायचं सुचलं नाही. पाणी पिऊन आत आलो आणि १४४१६ लावला. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, आत्ता सुरक्षित आहात ना, सोबत कोण आहे, मरणाचा विचार आहे का. नाही म्हणालो. मग मी वीस मिनिटं नुसता बोललो. नवी गोळी लागूच पडली नाही तर? जुनी बंद झाली, नवी चालली नाही, मधल्यामधे मी कुठं? त्यांनी डोसबद्दल काहीच सांगितलं नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम म्हणाल्या. एकच सांगितलं : आत्ता पहाटे चारला गोळीचा निकाल लावू नका. कांबळ घ्या, पाय गरम ठेवा, सकाळी फोन करा.

पाय खरंच बर्फ झाले होते.

५ डिसेंबर

मॅडमकडं गेलो. तक्ता दाखवला. दहा दिवसांची शंभराहून जास्त रीडिंग. त्यांनी नीट सगळी पानं पाहिली, मग विचारलं, "ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना मीटर बघता का?"

बघतो. बंद ट्रान्सफॉर्मरला सप्लाय दिला की पहिल्या क्षणी करंट उसळतो, नेहमीच्या कितीतरी पट. सुई टोकाला जाऊन आदळते आणि थोड्याच वेळात खाली बसते. नवा ऑपरेटर ते बघून घाबरतो. जुना माणूस सुई बसू देतो, मग रीडिंग लिहितो. त्या उसळीचा आकडा लॉगशीटवर कुणी लिहीत नाही.

हे मी त्यांना सांगितलं आणि सांगता सांगता गप्प झालो.

समुपदेशक ताईंनी दोन गोष्टी ठरवून दिल्या. रीडिंग दिवसातून दोनदाच, सकाळी नाश्त्यानंतर आणि रात्री गोळीआधी. आणि काळजीला वेळ नेमून द्यायची. रोज संध्याकाळी साडेपाच ते सहा. मधे काळजी आली तर हाकलायची नाही, चिठ्ठीवर एक ओळ लिहायची, "साडेपाचला बघू" म्हणायचं आणि हातातलं काम पुढं चालू. साडेपाचला सगळ्या ओळी समोर घेऊन बसायचं. ज्यावर काही करता येतं त्यापुढं काय करायचं ते लिहायचं. ज्यावर करता येत नाही ती तशीच ठेवायची.

मला हे पोरखेळ वाटलं. तरी करणार.

९ डिसेंबर

पॅरॉक्सेटिन १२.५. मिर्टाझापिन १५. सकाळची गुंगी निम्म्यानं उतरली. डोस वाढवला तर गुंगीही दुप्पट होईल, ही माझी आठवड्याची मोठी काळजी होती, चिठ्ठीवर चार वेळा लिहिलेली. मॅडम म्हणाल्या, उलट बऱ्याच जणांना कमी डोसलाच जास्त झोप येते. तसंच झालं.

१३ डिसेंबर

भूक. हिच्याबद्दल लिहिलंच पाहिजे. रात्री नऊला जेवून उठलो आणि दहाला स्वयंपाकघरात उभा, हातात ज्वारीची भाकरी, वर ठेचा आणि करडईचं तेल. बायको दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं रागावणार. तिचे डोळे भरलेले. उन्हाळ्यात ती अर्धी भाकरी माझ्यापुढं ठेवून तासभर बसायची आणि मी ती तशीच सरकवायचो.

वजन ६३ होतं, आज ६५. दर शनिवारी सकाळी करायचं. सहाला आता चालायला जायचं, दवाखान्याच्या चढापर्यंत.

साडेपाचचं बसणं चालू आहे. पहिल्या दिवशी अकरा ओळी होत्या. काल पाच. यातली गंमत अशी की सकाळी दहाला जी काळजी छाती दाबते ती साडेपाचला कागदावर लहान दिसते, पण सगळ्या तशा दिसत नाहीत. पोरीच्या दहावीच्या फीची काळजी साडेपाचलाही तेवढीच मोठी होती. तिच्यापुढं "पतसंस्थेत विचारणे, सोमवार" लिहिलं.

१७ डिसेंबर

गारठा फार. परवापासून घसा धरलाय, काल रात्री अंग कसकस. आणि एकदम आठवलं : ताप आणि घसा, पांढऱ्या पेशी. साडेपाचची वाट पाहायची ही काळजी नव्हे, ही सांगितलेली खूण आहे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून ठळक लिहितो. सकाळीच औशाला रक्त दिलं. दुपारी रिपोर्ट आला, पेशी ठीक. फोटो पाठवला, मॅडम म्हणाल्या साधी सर्दी आहे, गरम पाण्याच्या गुळण्या आणि पॅरासिटामॉल.

मेडिकलवाल्यानं सवयीनं खोकल्याची बाटली पुढं केली होती. मी बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचली. डेक्स्ट्रोमेथॉर्फन होतं. परत दिली. मी घेतो त्या गोळ्यांची नावं त्याला सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "हे आधी सांगत जा ना." खरं आहे. त्याला वहीत लिहून ठेवायला सांगितलं.

२३ डिसेंबर

पॅरॉक्सेटिन बंद. आता एकट्या मिर्टाझापिनवर. सकाळी रीडिंग : झोप ७, भूक ९, मन ६. संध्याकाळी तसंच.

२५ डिसेंबर

दुपारपासून डोक्यात करंट.

दुसरा शब्द नाही. मान वळवली की डोळे आधी जातात, डोकं मागून येतं आणि मधल्या फटीत झिण्ण. एक क्षण, मग काही नाही. परत मान वळवली, परत झिण्ण. मला नोकरीत दोनदा खरा शॉक बसलाय, त्यामुळे तो कसा असतो ते ठाऊक आहे. हा तसा दुखत नाही. पण यंत्रचालकाच्या डोक्यात बसल्या जागी करंट वाहतोय, हे सोसणं फार अवघड. पायऱ्या उतरताना भिंत धरली. सोबत रडू. जाहिरातीत लहान पोर हसलं तरी डोळ्यात पाणी.

२६ डिसेंबर

सकाळी आठ ते दहा अकरा झटके मोजले आणि मोजणं थांबवलं. ड्युटीवर गेलो नाही. मनात एकच : आजार परत आला. एक महिना वाया. जुनी गोळी कपाटात आहे, तिन्ही ताकदींची पाकिटं अर्धी अर्धी उरलेली. ३७.५ ची एक घेतली तर तासाभरात हे संपेल, असं सारखं वाटत होतं. बायकोला म्हणालो, ती पाकिटं तुझ्याकडं ठेव, फोन होईपर्यंत मला देऊ नकोस.

२७ डिसेंबर

मॅडम भेटल्या. पहिलं वाक्य : "हे आजाराचं परतणं नाही, गोळी सुटतानाचा त्रास आहे." कसं ओळखलं? शेवटची गोळी सुटल्यावर दोन-तीन दिवसांत सुरू झालं. आजार परततो तो सहसा हळूहळू, आठवड्यांनी. आणि आजारात डोक्यात झटके येत नाहीत. झोप टिकलीय, भूक टिकलीय, म्हणजे नवी गोळी तिचं काम करतेय. पण ती वेगळ्या वाटेनं काम करत असल्यानं जुनीची उणीव ती भरून काढत नाही.

शेवटची पायरी दिसायला लहान, पण मेंदूसाठी सगळ्यात उंच असते, हे मला माहीत नव्हतं. ३७.५ वरून २५ ला आलो तेव्हा काही जाणवलं नाही आणि १२.५ वरून शून्याला येताना जिना संपलाय असं समजून पाय टाकला. थोड्या डोसलाही ही गोळी मेंदूत बरीच जागा धरून असते, त्यामुळे तळाचा भाग सावकाश उतरावा लागतो. मॅडम म्हणाल्या, आपण तिथं घाई केली. 'आपण' म्हणाल्या, 'तुम्ही' नाही. ते ऐकून फार बरं वाटलं.

नवा आराखडा : साध्या पॅरॉक्सेटिनची १० ची गोळी, ही तोडता येते, तिची अर्धी रोज सकाळी, दोन आठवडे. मग बंद. मिर्टाझापिन १५ तशीच.

परत जुनी गोळी सुरू केली म्हणजे हरलो, असं गाडीत बसल्यावर वाटलं. चिठ्ठीवर लिहिलं. साडेपाचला वाचलं. फीडर चालू केला आणि ट्रिप झाला तर मी परत लोड कमी करूनच चालू करतो. त्याला हरणं म्हणत नाही.

३० डिसेंबर, वेळ अमावस्या

येळवस. आमच्याकडं या दिवशी गावात कुणी सापडत नाही, सगळं शिवार भरलेलं. मला जायचं नव्हतं. माणसं, प्रश्न, मान वळवली की झिण्ण. झटके कालपासून कमी आहेत, आज सकाळपासून तीन. आई म्हणाली, "तू नुसता कोपीत बस, कुणाशी बोलू नगंस."

चुलत्यानं कडब्याच्या पेंढ्यांची कोप केली होती, आत पांडव म्हणून पाच दगड मांडलेले. पूजा झाली, आंबील शिंपडत भाऊ रानाला फेरी मारून आला. मी कोपीत टेकून बसलो. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील. तीन वेळा वाढून घेतलं. भज्जीत हरभऱ्याची कोवळी भाजी होती, तुरीचे दाणे होते, बोरं होती. तिला चव होती. उन्हाळ्यापासून जेवण मी नुसतं गिळत होतो.

मेव्हणे आले, म्हणाले, "दाजी, कसल्या गोळ्या चालू आहेत म्हणं?" कार्यालयातली बातमी इथपर्यंत आलेली. पोरगी पटकन म्हणाली, "पप्पांच्या मेंदूची गोळी बदलायलेत, म्हणून चक्कर येते. बीपीची बदलतात तसं." मेव्हण्यांना पुढं काही विचारायचं सुचलं नाही. मला तिच्याकडं बघवेना, इतकी ती सहज बोलली. घरात आम्ही कुजबुजतो ते तिनं सगळं ऐकलंय आणि तिच्यापुरतं नीट लावूनही घेतलंय.

अंधार पडताना हेंडगा, म्हणजे गवताची चूड, पेटवला. रानाभोवती तो जाळ फिरताना मी मान पूर्ण वळवून शेवटपर्यंत बघितला. एकदा झिण्ण झालं.

६ जानेवारी २०२५

मिर्टाझापिन ३०. वजन ६७. मॅडमनी साखर तपासायला सांगितली, ठीक आली. चालणं वाढवून चाळीस मिनिटं.

१० जानेवारी

पॅरॉक्सेटिनची अर्धी आजपासून बंद. यावेळी तीन दिवस सुट्टी आधीच टाकली होती. पाकिटं अजून बायकोकडंच.

१३ जानेवारी

झटके आले, पण मागच्यासारखे नाहीत. दिवसात चार-पाच. रडू एकदाच आलं, तेही आईनं भोगीची भाजी ताटात वाढताना, आणि त्यात दुःख नव्हतं.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ. रीडिंग : झोप ७, मन ७.

१८ जानेवारी

झटका एक. काळजीच्या चिठ्ठीवर आज दोन ओळी : फीचा हप्ता आणि सोयाबीनचे पैसे. गोळीबद्दल ओळ नाही.

स्वप्नं मात्र फार ठसठशीत पडतात, हाही या गोळीचा परिणाम. काल रात्री पडलेल्या भिंती दिसल्या. घाबरून उठलो नाही, सकाळी आठवलं. मॅडमना सांगायचं, म्हणून लिहून ठेवतो.

२२ जानेवारी

मामा परमिट मागायला आले. मी लिहिलं, परत वाचलं, मग पुस्तक त्यांच्यापुढं सरकवलं आणि त्यांनीही वाचलं. २९ नोव्हेंबरपासून आम्ही हे असंच करतो आणि पुढंही करणार. गोळीशी आता त्याचा संबंध नाही. नव्या पोराला मामांनी परवा हेच शिकवलं, माझं नाव न घेता.

२७ जानेवारी

मॅडमकडं. झटके पाच दिवसांत नाहीत. मिर्टाझापिन ३० पुढं चालू, बरं वाटतंय म्हणून थांबवायची नाही, किती महिने ते नंतर ठरवू. रात्रपाळी फेब्रुवारीत नको, मार्चमध्ये बघू. वजन ६८, त्यावर बोललो. नवरा-बायकोतलंही त्यांनी विचारलं. सुधारतंय, म्हणालो, आणि बायको खाली बघून हसली. उरलेली पॅरॉक्सेटिन दवाखान्याच्या औषध खिडकीवर परत केली. ती द्यायला हात जड झाला. तिनं मला दोन वर्षं सांभाळलं होतं.

२८ जानेवारी, सकाळ

पहाटे चारला लघवीला उठलो. आई ओट्यावर. शाल घेऊन, पाय पोटाशी, तशीच नेहमीसारखी. मी शेजारी बसलो. विचारलं, "आई, तू रोज याच वेळेला उठतीस?"

"तवापासून," म्हणाली.

एकतीस वर्षं. मी माझी झोप आकड्यात लिहीत होतो आणि ही रोज इथं बसलेली होती.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "तुझ्या त्या डाक्टरीण बाईला माझी झोप दाखवायची का रं?"

मंगळवारची तारीख घ्यायची. आधार कार्ड, बीपीच्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी आणि चष्मा सोबत. साडेसातची गाडी, म्हणजे तिला बसायला जागा मिळेल.